चिलापी लेकरं खात नाही

हे मी गिरजाला सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. तिच्यापेक्षा जवळचं मला दुसरं होतं तरी कोण? आता ती गेली. पोळ्याच्या थोडं आधी गेली. घरात मी आणि चूल. चूल बी चहापुरती पेटवतो, धूर जास्त आणि जाळ कमी.

बोलायला कुणी नाही म्हणून हा म्हातारा लिहायला बसला, असं समजू नका. माणसं आहेत. पुतण्याची सून दोन वेळची भाकर आणून देते. दारात उभी राहून विचारते, "आजा, जेवलाव का?" तिला सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं की भलतंच बाहेर येतं — गुडघ्याचं, पावसाचं, कुणाच्या म्हशीचं. जे सांगायचं ते आतच राहतं. म्हणून कागदावर.

माझं शिक्षण म्हणाल तर नाहीच. लहानपणी शाळा होती ती उर्दूची. दोन वर्षं बसलो, छडीशिवाय काही आठवत नाही. मराठी अक्षरं मोठेपणी गिरवली. लिहिण्यात चुका असतील. त्यांचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एकाच गोष्टीचं, आणि तिला चूक म्हणणं बी खोटं आहे. चूक न कळता होते. मला सगळं कळत होतं.

आम्ही भोई. पालमच्या बाजूला, कोरडवाहू मुलखात आमचं गाव. गंगा, म्हणजे गोदावरी, लांब, पण गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. लय मोठं नाही. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जायची. मातीची पाळ, पाळीवर बाभळी, खालच्या बाजूला बायकांचे धुण्याचे दगड. या तळ्यातले मासे बापआज्यापासून आमचे. आणि त्याचा एक कायदा होता, कुठंच लिहिलेला नाही. पाणी बांधायचं. म्हणजे असं — साती आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या नावानं काठावर नारळ फुटला, की त्या दिवसापासून जाळं बंद. गळ नाही, पाण्यात हात घालणं नाही. पंच म्हणतील तेव्हाच पाणी सुटायचं. बांधल्या पाण्यातला मासा ज्यानं काढला त्याचा तळ्यातला हिस्सा गेला. त्याचा गेला, त्याच्या लेकरांचा बी गेला.

दुसरी एक रीत होती, ती हाताची. मासा हाती आला की अंगठ्यानं पोट दाबून बघायचं. पोट भरलेलं लागलं, आत गाभोळी, म्हणजे अंडी असली, की ती आई — तिला परत पाण्यात सोडायची. रिकामं लागलं की टोपलीत. आमच्या लेकरांना चालता यायच्या आधी हा अंगठा यायचा. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा मुलूख हैदराबादेतून काढून मुंबईला जोडला, त्याच्या मागंपुढं कधीतरी गावात सरकारी जीप आली. जीपमध्ये पत्र्याचे डबे, डब्यात बोटाच्या पेराएवढे मासे. साहेबानं सांगितलं, हा मासा बाहेरच्या देशातला आहे, लवकर वाढतो, शेवाळ खातो, चिखल खातो, कशालाच नाही म्हणत नाही. एक वर्ष हात लावू नका, मग बघा. आमच्या पंचांतला मोठा म्हातारा, त्याला सगळे कारभारी म्हणायचे, त्यानं लगेच नारळ फोडला आणि पाणी बांधलं. राखणीला मला बसवलं. "लक्षा, तुज्या भरवशावर हाय बरं," म्हणाला. लक्ष्मण माझं नाव.

आता त्या माशाला सगळे चिलापी म्हणतात. तेव्हा आम्ही त्याला सरकारी मासा म्हणायचो.

गिरजा पेडगावची. लग्न होऊन आली तेव्हा मोठ्यानं हसायची, माझ्या मायला ते खपायचं नाही. नंतर हसणं कमी झालं. आमची दोन लेकरं गेली होती. पहिलं सव्वा महिन्याच्या आत. दुसऱ्याचं तर नाव बी ठेवलं नव्हतं. माय तिला तोंडावर काही बोलायची नाही. चुलीकडं तोंड करून म्हणायची, "आमच्या घरात आजवर असं झालं न्हवतं." चूल बिचारी काय उत्तर देणार? आणि मी? मी भाकर मोडत बसलेला असायचो.

सरकारी मासे वाढले तसं गिरजाचं तळ्यावर बसणं वाढलं. धुणं झालं तरी दगडावर बसून राहायची. एक दिवस पाळीवर माझ्यापाशी आली, पदर ओला, डोळे मोठे.

"अवो, ह्यो मासा लय येगळा हाय."

"काय येगळा? माशासारखा मासा."

"त्यो काळा नर हाय न्हवं, परांच्या कडा तांबड्या — त्यो तोंडानं माती उचलून उचलून ताटलीवानी खड्डा करायलाय. दुसरा आला की मारतो. आन मादी त्यात अंडी घालती, आन लगेच तोंडात घेती!"

"खायली असल."

"खात न्हाई! गालफडं बगा की तिची, गुळणी धरल्यावानी. म्या भाकरीचा चुरा टाकला, तोंड उगडलं न्हाई. सगळे तुटून पडले, ही बाजूला. उपाशी ऱ्हाती वो ती."

"तोंड मिटून बसती? मग ती तुज्या माहेरची न्हवं."

त्यावर ती हसली. जुनं हसली, मोठ्यानं. त्या वर्षातलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं. मग काही दिवसांनी परत आली आणि हळूच, जणू कुणाच्या घरात बाळंतीण आहे अशा आवाजात म्हणाली, "सोडली वो लेकरं. मोहरीएवढी हायेत. भवतीनं फिरायलीत. सावली पडली की सगळी परत तिच्या तोंडात. सावली गेली की परत भाईर. चला, दाखवते."

मी गेलो नाही. दुपार झाली होती, मला झोप येत होती.

आता जे सांगतो ते नीट ऐका. मला एकदाच लिहायचं आहे.

तिनं बोलावलं तेव्हा गेलो नाही, पण दुसऱ्या एका दुपारी एकटा गेलो. भर ऊन, माणूस नाही, ढोर नाही. पलीकडच्या काठाला बाभळीची मुळं पाण्यात उतरली होती, तिथं उथळ होतं. तिथं एक मादी उभी. जागची हलत नव्हती. आणि तिच्या तोंडापुढं बारीक बारीक काळी रांगोळी, हलणारी. मी वाकलो. माझी सावली पाण्यावर पडली. ती रांगोळी एकदम तिच्या तोंडात गेली. तिनं तोंड मिटलं. मला वाटलं, खाल्ली. गिरजा येडी आहे, ही तर खाती.

मी राखणदार. पाणी बांधलेलं. तरी मी हात घातला.

भूक लागली होती का? नाही. घरी भाकर होती, वर कालवण बी होतं. सगळ्यांच्या आधी चव बघायची होती, बस. आमचं पाणी, आमची राखण, आणि पहिला घास मात्र पंचांच्या वाटणीतून मिळणार — हे मला खुपत होतं. मादी पळाली नाही. तोंड भरलेलं होतं, जड होती, मुळांच्या बेचक्यात शिरली आणि अडकली. सहज हाती आली. अंगठ्यानं पोट दाबलं. रिकामं. चाकूच्या पात्यासारखं चपटं, नुसता काटा. म्हटलं, गाभोळी नाही, आई नाही, न्यायला हरकत नाही. बांधल्या पाण्यात चोरी करायलो होतो आणि वर रीत पाळायलो होतो — बघा माणूस कसा असतो.

मग तिनं तोंड उघडलं.

माझ्या तळहातावर सांडली ती लेकरं. जिवंत. सगळी जिवंत, एक बी मेलेलं नाही, चावलेलं नाही. इवले डोळे, शेपटी वळवळायलेली. मी घाबरून हात पाण्यात बुडवला. ती पाण्यात गेली. पण लांब गेली नाहीत. घोटाळली, आणि परत आली. माझा हात पाण्यात तसाच होता, बोटं अर्धी मिटलेली, मुठीत अंधार. त्या अंधारात शिरायला बघायली होती ती. बोटांच्या फटीतून, अंगठ्याच्या खालून, ढकलाढकली करत. त्यांना वाटलं, हेच आईचं तोंड.

आणि आई माझ्या दुसऱ्या हातात होती. तोंड उघडं, कल्ले उचलायली. वीतभर खाली नेली असती, पाण्याला लावली असती, तर तोंड बी होतं आणि लेकरं बी होती. वीतभर. मी नेली नाही. पाळीवर काहीतरी वाजलं असं वाटलं, मी मूठ पाण्यातून काढली, मासा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि बाभळींच्या मागं गेलो. काटक्यांवर भाजला. मीठ बरोबर नेलं होतं, म्हणजे आधीच ठरवून गेलो होतो. खाल्ला. चव? मातकट लागला. काटे पुरले.

हा माझा पहिला गुन्हा. एवढाच असता तर मी कागद नासला नसता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या भावाचं तान्हं गेलं. भावजय रानात निंदायला गेली होती, लेकरू गिरजाच्या मांडीवर ठेवून. गिरजाला लेकरू मांडीवर मिळालं की तिचं खाणंपिणं सुटायचं. दिवसभर तिनं त्याला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी भावजयीनं घेतलं तेव्हा अंग तापलेलं. दुसऱ्या दिवशी गेलं. त्या काळी तशी लय लेकरं जायची. पण घरातलं हे तिसरं, आणि गिरजाच्या मांडीवरून उठून गेलेलं.

सुतक फिटलं आणि मायनं पंच बसवले. तळ्याच्या पाळीखाली चिंचेचं झाड होतं, तिथं. भोयांची सगळी घरं आली. बायका मागं उभ्या. गिरजा सगळ्यांच्या मागं, एकटी, पदर कपाळापर्यंत.

माय बोलली. पंचांत बायका बोलत नसत, पण माझी माय बोलायची. "ही धुणं टाकून पान्याकडं बगत बसती. रोज. त्यो मासा आपलीच लेकरं खातो, म्या सोता बगितलंय, सावली पडली की गपागपा गिळतो. तसल्या माशावर डोळा ठिवून बसली, त्योच डोळा घरात घिऊन आली. माज्या नातवाला लागला."

तेवढ्यात मागून आवाज आला. गिरजाचा. "आत्याबाईनं निम्मं बगितलं. ती खात न्हाई. तोंडात ठिवती. परत सोडती."

पुंजा म्हणून एक होता, कुठं बी थट्टा करायचा. तो म्हणाला, "तोंडात ठिवती म्हनं! माजी बायकू बी तोंडात ठिवती, तंबाकू. ती बी परत सोडती — भिताडावर!"

माणसं हसली. लेकरू गेलेल्या घराचा निवाडा चालला होता, आणि हसली. पुंजाची बायको बी तोंडाला पदर लावून हसली.

"हासू नका रं," कारभारी म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. तो म्हणाला, "आपुन एवढं एकच ठरवू. मासा लेकरं खातो का न्हाई? खात नसल, तर पोरगी खरं बोलायली, आन तिच्यावरचं बोलणं हितंच बंद. पुन्हा कुणी तोंडातून काढायचं न्हाई. खात असल, तर मग बगू. तळ्यावर रोज कोण असतंय? लक्षा. ऊठ रं. तू सांग."

मी उठलो.

तुम्हाला काय वाटतं, मी गोंधळलो असेन? नाही. डोकं लय साफ होतं. तळहातावर ती वळवळ तेव्हा बी होती. मला नुसतं म्हणायचं होतं — खात नाही, सोडती, मी बघितलंय. बघितलं कसं, विचारलं असतं तर म्हणायचं, काठावरून बघितलं. एवढं खोटं पचलं असतं. हे मला नंतर सुचलं असं नाही. तिथंच, उभ्या उभ्याच सुचलं होतं. मग का म्हणालो नाही?

भ्यालो. कुणी विचारील, इतक्या बारक्या लेकरांचं जिवंतपण काठावरून कसं दिसलं रं लक्षा? मग अजून एक प्रश्न, मग अजून एक, आणि बाभळीमागची राख कुणीतरी बघितलेली असणारच. तळ्यातला हिस्सा डोळ्यापुढं आला. मायकडं बघितलं, ती माझ्याकडंच बघत होती. मायला पंचांत खोटं पाडायचं? थोरला भाऊ मान खाली घालून बसलेला, ताजं दुःख. आणि दुसऱ्या बाजूला कोण? बायको. बायको कुठं जाते? ती आपलीच आहे, तिचं नंतर बघू. असंच वाटलं मला. तिचं नंतर बघू.

"खाती," मी म्हणालो. "म्या बगितलंय."

गिरजानं मान वर केली नाही. एवढंच, की पदर अजून थोडा खाली ओढला.

पंचांनी तिला हाकललं नाही. कारभाऱ्याला वाटलं आपण दया केली. ठरलं ते असं — हिनं कुणाचं तान्हं घ्यायचं नाही. बारशाला, डोहाळजेवणाला जायचं नाही, कुणाची ओटी भरायची नाही. तळ्याच्या उथळाकडं फिरकायचं नाही. बस. मारलं नाही, दंड नाही. ऐकायला किती हलकं आहे, नाही?

घरी निघालो तेव्हा ती माझ्या मागं चालत होती. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "तुमी आत घेताना बगितलं असल. सोडताना बगितलं नसल."

मी थांबलो नाही.

"तसंच असल," ती म्हणाली. "आत्याबाईवानी तुमी बी निम्मंच बगितलं. तुमचा काय दोस?"

मी "हं" म्हणालो.

ते "हं" मी आजवर बोललेल्या सगळ्या शब्दांत जड आहे. पंचांपुढचं खोटं भीतीनं बोललो. हे कुणाला भिऊन बोललो? तिनं माझ्यासाठी सबब शोधली, पुसून पुढं ठेवली, आणि मी पाटावर बसावं तसा त्या सबबीवर बसलो. जन्मभर उठलो नाही.

पुढच्या वर्षी पाणी सुटलं. जाळं टाकलं तर सगळे सरकारी मासेच. त्यांनी बाकीचे मासे मागं सारले, जुनी मासोळी हळूहळू दिसेनाशी झाली. गावानं तोच मासा पोटभर खाल्ला, मानवतच्या बाजारात नेऊन विकला. लेकरं खाणारा मासा म्हणून कुणी टाकून दिला नाही. माशाचं नाव धुतलं गेलं. गिरजाचं राहिलं. ती वाटेनं चालली की बायका तान्ह्यावर पदर ओढायच्या. पुढं पुढं त्यांच्या बी ध्यानात राहिलं नसेल का ओढतो ते, पण हात आपोआप जायचा. आमच्या गल्लीत लेकरांचा बाजार भरलेला असायचा, आणि तिच्या अंगणात एक लेकरू यायचं नाही. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

ती मला म्हणायची, "चला ना एकदा. सोडताना दाखवते." भांडून नाही. जसं कुणी म्हणतं, चला, जत्रेला जाऊ. मी कधी पाय दुखतो म्हणायचो, कधी जाळं विणायचं आहे म्हणायचो.

एकदा गेलो. माय वारली होती तेव्हा, कारभारी बी खाटेवर होता. तिच्यावरची मनाई कुणी मोजत नव्हतं. गिरजानं मला उथळापाशी नेलं, हात धरून खाली बसवलं, आपण बी बसली. म्हणाली, "सावली पडू दिऊ नका." आम्ही बसून राहिलो. मादी आली. तिनं तोंड उघडलं, आणि धूर निघावा तशी लेकरं निघाली. चारी बाजूंना पसरली. लय सुंदर होतं ते. माझ्या डोळ्यांना तेव्हा काही झालेलं नव्हतं, पाण्याखालचा खडा बी दिसत होता.

"दिसलं?" गिरजा म्हणाली. "दिसलं का वो?"

"कुटंय?" मी म्हणालो. "ऊन लय चमकायलंय. मला काही दिसंना."

दिसलं म्हटलं असतं तर? तर ती म्हणाली असती, चला आता, कारभारी जिता हाय तवर सांगू. आणि ती मला घेऊन गेली असती. म्हणून दिसलं नाही. ती थोडा वेळ बोट दाखवत राहिली — "तितं बगा, मुळीपाशी, त्या दगडाच्या अंगाला" — मग बोट खाली केलं. उठताना तिची सावली पाण्यावर पडली आणि सगळी लेकरं परत आत गेली. ते बी मी बघितलं.

पंच एक एक करून गेले. पुंजा गेला, थोरला भाऊ गेला. त्या चिंचेखाली बसलेलं आता कुणी उरलं नाही, चिंच बी पडली. पुतण्याच्या घरात सून आली, लांबच्या गावची, तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला मुलगा झाला. एक दिवस कामाच्या घाईत ती अंगणात आली आणि म्हणाली, "आजी, जरा धरा ओ ह्याला," आणि लेकरू पुढं केलं.

मी दारात बसलो होतो. मला वाटलं, आता घेईल. कुणी अडवणारं नाही, कुणी बघणारं नाही. गिरजानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं माय," म्हणाली, "मला सर्दी हाय."

सर्दी नव्हती. सून लेकरू घेऊन गेली. गिरजा हात तसेच पाठीमागं धरून उभी होती, आणि मी बघत होतो. तेव्हा म्हणता आलं असतं — गिरजे, घे लेकरू, तुझ्यात काही नाही, कधीच नव्हतं, मला माहीत होतं. तेव्हा बी म्हणता आलं असतं.

मग ती आजारी पडली. अन्न जाईना. शेवटी पाणी तेवढं चमच्यानं. तोंड मिटून पडलेली असायची, गाल आत गेलेले. सकाळची वेळ होती, दारातून ऊन आलं होतं तिच्या पायांवर. मी बाजेशेजारी. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाली, "तुमाला सोडतानाचं दाखवायचं राहिलंच."

तेव्हा तरी? जगात कुणी उरलं नव्हतं ज्याला भ्यावं. तळ्यात आता कसला हिस्सा? पंच नाहीत, माय नाही. एक मी, एक ती, आणि तिच्याजवळ वेळ थोडा.

"पानी पितीस का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली, नको म्हणून. दुपारी गेली.

लोक भेटायला आले. म्हणाले, लक्ष्मण, जोडा चांगला होता, तिनं तुला कधी उलटून शब्द केला नाही. खरं आहे. केला नाही. लोक मला धरून रडले.

बाजारात आता चिलापीच असते, ढिगानं. गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून बघतं, ताजी आहे का शिळी. तोंड कुणी उघडून बघत नाही.

ती खात न्हाई. तोंडात ठिवती, आन सोडती. म्या बगितलंय.

एवढंच म्हणायचं होतं. तिथं, चिंचेखाली, ती मागं उभी असताना.